जीप ते क्रॉसओव्हर : कौटुंबिक वाहनाच्या पिढ्या आणि मराठवाड्यातील रस्ता

विषयप्रवेश

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे नावाप्रमाणेच रस्त्यामुळे घडलेले ठिकाण आहे. जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या मार्गावर सेलूचा रस्ता जेथे फुटतो, तेथे ते वसले आहे. मराठवाड्यात 'फाटा' या शब्दाला भूगोलाइतकाच सामाजिक अर्थ आहे. मोठ्या रस्त्याने धावणारी बस प्रवाशाला फाट्यावर उतरवते, आणि त्याचे गाव तेथून आत काही मैलांवर राहते. या उरलेल्या मैलांचे काय करायचे, हा प्रश्न या भागातील प्रत्येक पिढीने आपापल्या परीने सोडविला आहे. कधी पायी, कधी बैलगाडीने, कधी सायकलवरून, आणि गेल्या काही दशकांत जीप नावाच्या वाहनाने.

आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनात रेल्वेला मानाचे स्थान मिळाले. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने १९०० च्या सुमारास मनमाड-काचीगुडा मार्ग सुरू केला आणि सेलू, परभणी ही गावे कापसाच्या व्यापाराशी जोडली गेली, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. निजाम संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली, याचाही उल्लेख होतो. परंतु रेल्वे आणि बस जेथे थांबतात, तेथून पुढे माणसे कशी गेली, याकडे अभ्यासकांचे लक्ष कमीच गेले आहे. प्रस्तुत लेखात या पुढच्या प्रवासाच्या वाहनाचा, म्हणजे जीपचा, आणि तिच्यापासून आजच्या कौटुंबिक क्रॉसओव्हरपर्यंत झालेल्या स्थित्यंतराचा विचार केला आहे. अभ्यासासाठी मुख्यतः महिंद्र कंपनीची वाहनपरंपरा घेतली असून तुलनेसाठी टाटांच्या वाहनांचा आधार घेतला आहे. या दोन्ही परंपरा महाराष्ट्रातच, मुंबई, नाशिक, पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथे, वाढल्या आहेत.

क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला जीपसारखे उंच, परंतु बांधणीने मोटारीसारखे वाहन. जपानमध्ये १९९४ साली आलेली टोयोटाची राव-४ हे या प्रकाराचे आरंभीचे ठळक उदाहरण मानले जाते. तेथे मोटार उंच झाली. महाराष्ट्रात मात्र उलट घडले. येथे जीप हळूहळू खाली उतरली, मऊ झाली आणि अखेर मोटार बनली. दोन्ही प्रवास एकाच ठिकाणी येऊन पोहोचले असले, तरी त्यांचा सामाजिक अर्थ एक नाही. मोटार उंच होते तेव्हा एका कुटुंबाला अधिक काही मिळते. जीप खाली उतरते तेव्हा ती अनेकांची राहत नाही, एका घराची होते.

जीप : शासनाचे वाहन

महिंद्र ॲण्ड मोहम्मद ही पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेली कंपनी २ ऑक्टोबर १९४५ ची. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र ॲण्ड महिंद्र असे बदलले. कैलासचंद्र महिंद्र हे युद्धकाळात भारत सरकारच्या अमेरिकेतील खरेदी-पुरवठा कार्यालयाचे प्रमुख होते. तेथे त्यांना विलिस कंपनीची जीप दिसली. युद्धासाठी तयार झालेले, कोणत्याही रस्त्यावर चालणारे हे वाहन रस्तेच नसलेल्या देशाला उपयोगी पडेल, हा त्यांचा अंदाज होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे आयात सुट्या भागांपासून जीपची जुळणी सुरू झाली आणि पन्नासच्या दशकात टप्प्याटप्प्याने भाग देशातच तयार होऊ लागले.

या जीपचा पहिला मोठा ग्राहक कुटुंब नव्हते, शासन आणि सैन्य होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही ग्रामीण जीवनातील एक ओळखीची वस्तू झाली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर तिची वर्दळ वाढली. मराठवाड्याच्या संदर्भात हा तपशील महत्त्वाचा आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात होता. राज्ये बदलत गेली, कागदावरची भाषा बदलली. गावात येणारा अधिकारी मात्र आता जीपमधून येऊ लागला होता. त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यात 'जीप आली' याचा अर्थ 'सरकार आले' असा होई. आजही कोणतेही उंच वाहन पाहून 'जीप' म्हणणारी वडीलधारी मंडळी या भागात भेटतात. या एका शब्दात वाहनाच्या पहिल्या पिढीची सगळी स्मृती साठविली आहे, असे म्हटले तरी वावगे होणार नाही.

बांधणीच्या दृष्टीने ही जीप अतिशय सरळ होती. खाली शिडीच्या आकाराची पोलादी चौकट, तिच्यावर स्वतंत्रपणे बसविलेला सांगाडा, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. चौकट आणि सांगाडा वेगळे असल्यामुळे त्याच चौकटीवर छोटी-मोठी, उघडी, बंद, ताडपत्रीची किंवा पत्र्याच्या छताची हवी तशी गाडी बांधता येत असे. या सोयीतूनच पुढचा सगळा इतिहास निघाला आहे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात कच्च्या रस्त्याचे काय होते, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. अशा रस्त्यावर जमिनीपासून उंच असलेली, आणि वाकली तरी गावातल्या लोहाराकडून सरळ करून घेता येईल अशी गाडीच टिकणार होती.

दहा जणांची गाडी

ऐंशीच्या दशकात दोन गोष्टी एकत्र आल्या. एक म्हणजे डिझेल इंजिन. महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे डिझेल इंजिन घेतले, इगतपुरी येथे त्याचे उत्पादन केले आणि एमएम ५४० सारख्या गाड्यांत ते बसविले. पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवलेले डिझेल वापरणारी जीप आता सरकारी खर्चाशिवायही परवडू लागली. दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्यावरची वाढती माणसे. शिक्षण, बाजार, दवाखाना आणि तहसील यांसाठी गावातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढली. राज्य परिवहन महामंडळाची बस मात्र सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एवढ्यावरच अनेक गावांत थांबली.

या पोकळीत काळी-पिवळी जीप उभी राहिली. पश्चिम महाराष्ट्रात तिला 'वडाप' म्हणतात. आपल्याकडे काळी-पिवळी हेच नाव रूढ आहे. पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज टेम्पो कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ट्रॅक्स बाजारात आणली. महिंद्रची कमांडर, मार्शल आणि १९९३ मधील आर्माडा याच वर्गातल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालक वगळून सहापेक्षा अधिक व बारापर्यंत प्रवासी वाहून नेणाऱ्या भाड्याच्या गाडीला 'मॅक्सी कॅब' अशी संज्ञा दिली. कायद्यातील बारा आणि फाट्यावरचे बारा यांत किती अंतर असे, हे ज्यांनी मागच्या पायदानावर लोंबकळत प्रवास केला आहे त्यांनाच ठाऊक.

या गाड्यांची आसनव्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. पुढे चालकाशेजारी दोघे, मध्ये एक बाक आणि मागे समोरासमोर दोन आडवे बाक. मागच्या बाकावर बसलेला माणूस रस्ता पाहत नाही, समोरच्या प्रवाशाचे तोंड पाहतो. ही रचना कुटुंबासाठी नव्हे, अनोळखी माणसांसाठी केलेली आहे. तरीही लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शन, दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण, बाळंतपणाला माहेरी जाणारी लेक हे सगळे याच गाडीतून गेले. कुटुंबाचे वाहन म्हणून ती कोणी बनविली नव्हती. कुटुंबे तिच्यात जाऊन बसली.

टाटांची वाट थोडी वेगळी होती. टेल्कोच्या पुणे प्रकल्पातून १९८८ मध्ये टाटामोबाईल हा मालवाहू छोटा ट्रक आला. त्याच्याच चौकटीवर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट या घरगुती गाड्या बांधल्या गेल्या. त्या शहरी सधन वर्गापुरत्या राहिल्या. १९९४ च्या सुमोने मात्र ग्रामीण महाराष्ट्र जिंकला. टेल्कोचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिला सुमो हे नाव मिळाले. जपानी कुस्तीशी त्याचा संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात. पत्र्याचे बंद छत, पाच दारे आणि दहा माणसे, एवढ्या गोष्टी एका गाडीत मिळाल्याने सुमो एकाच वेळी भाड्याचीही झाली आणि घरचीही. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले.

खरेदीचे अर्थकारणही याच काळात बदलले. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र समूहाच्या वित्तीय कंपनीने ग्रामीण ग्राहकाला वाहनकर्ज देण्यावर भर दिला. पगाराची पावती नसलेला शेतकरी आता कर्जावर गाडी घेऊ शकत होता. अनेकदा तो ती सहा दिवस भाड्याने चालवी आणि सातव्या दिवशी स्वतःच्या कुटुंबासाठी वापरी. कौटुंबिक वाहनाची ही खरी ग्रामीण सुरुवात आहे.

मधला टप्पा : बोलेरो आणि स्कॉर्पिओ

सन २००० मध्ये आलेली बोलेरो ही आर्माडाच्याच बांधणीतून निघालेली गाडी. २० जून २००२ रोजी आलेली स्कॉर्पिओ मात्र वेगळी होती. सुमारे सहाशे कोटी रुपये खर्चून, पवन गोयंका यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ती मुळापासून तयार केली आणि नाशिकच्या कारखान्यात तिचे उत्पादन झाले. खाली चौकट तीच शिडीची, पण वर वातानुकूलित, गादीदार, मोटारीसारखे दालन. जीपवाल्या कंपनीने 'मोटार' बनविण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता.

स्कॉर्पिओच्या यशाचे एक कारण तिच्या उंचीत होते. ती उंची रस्त्यासाठी होती, तशीच ती पाहणाऱ्यासाठीही होती. पूर्वी जीपमधून सरकार येत असे. आता पांढऱ्या स्कॉर्पिओतून सरपंच, सभापती, कारखान्याचा संचालक आणि त्याचे कार्यकर्ते येऊ लागले. जीपच्या पहिल्या पिढीची सत्ता तिसऱ्या पिढीने अशी वारशाने घेतली. घरातील स्त्रियांना आणि वृद्धांना मात्र या गाडीत चढणे कष्टाचे होते. लुगडे सावरत, दाराच्या वरची मूठ धरून चढणारी आजी हे दृश्य त्या काळात सर्रास दिसे. गाडी घराची झाली होती. घरातील सगळ्यांची व्हावयाची अजून बाकी होती.

चौकट गेली, मजला खाली आला

२९ सप्टेंबर २०११ रोजी महिंद्र कंपनीने एक्सयूव्ही ५०० सादर केली. या लेखाच्या दृष्टीने ही तारीख सर्वांत महत्त्वाची आहे. येथे शिडीची चौकट पहिल्यांदाच गेली. गाडीचा तळ आणि सांगाडा हे एकच अखंड कवच झाले. अभियांत्रिकीत याला मोनोकॉक म्हणतात. इंजिन आडवे बसले, शक्ती पुढच्या चाकांना मिळाली आणि मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याची गरज बहुतेक प्रकारांत उरली नाही. परिणामी मजला खाली आला. लांबी ४,५८५ मिलिमीटर, २.२ लिटरचे १४० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, सात आसने. सातही आसने पुढच्या दिशेने तोंड केलेली होती.

या शेवटच्या तपशिलावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. मागच्या बाजूचे समोरासमोरचे बाक गेले आणि सगळे एकाच दिशेला पाहू लागले, तेव्हा वाहनाची सामाजिक कल्पनाच बदलली. आता ओळींची उतरंड तयार झाली. पुढे कमावता मुलगा आणि सून किंवा वडील, मध्ये आई आणि आजी, अगदी मागे मुले. तिसऱ्या ओळीत मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येत आणि ती ओळ उघडल्यावर सामानाला फारच थोडी जागा उरे. म्हणजे ही सात आसने सात समान प्रवाशांसाठी नव्हती, आजी-आजोबा आणि नातवंडे असलेल्या एका घरासाठी होती. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये भाडे सर्वांचे सारखे, म्हणून अडचणही सर्वांची सारखी. क्रॉसओव्हरमध्ये अडचण वयानुसार वाटली गेली.

मागणी इतकी आली की कंपनीला काही दिवसांतच नोंदणी थांबवावी लागली आणि पुढच्या फेरीत संगणकीय सोडतीने गाड्या वाटाव्या लागल्या. हे ग्राहक कोण होते? शहरातील व्यावसायिक तर होतेच. परंतु जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर, बियाणे-खतांचे व्यापारी, कंत्राटदार आणि प्राध्यापकही त्यांत होते. सहाव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी महाविद्यालयीन शिक्षकांना नुकतीच लागू झाली होती. थकबाकीच्या रकमेचे पुढे काय झाले, याचा शोध वाचकांनी आपापल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर घ्यावा.

दहा वर्षांनी, १४ ऑगस्ट २०२१ रोजी, एक्सयूव्ही ७०० आली आणि एक्सयूव्ही ५०० थांबली. लांबी ४,६९५ मिलिमीटर झाली, चाकांमधील अंतर ५० मिलिमीटरने वाढले. डिझेलबरोबर दोन लिटरचे पेट्रोल इंजिनही सुरुवातीपासून होते. यामागे दशकभराचे अर्थकारण आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषण-मानके लागू झाल्यावर डिझेल इंजिन अधिक खर्चिक झाले. जीपला गावापर्यंत आणणारा डिझेलचा आधार अशा रीतीने ढिला पडला. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी नोंदणी खुली होताच ५७ मिनिटांत पंचवीस हजार गाड्यांची नोंदणी झाली. एका पिढीत सोडत होती, दुसऱ्या पिढीत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट आधी टेकविण्याची शर्यत होती.

'पिढी' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. महिंद्रने बांधणीची परंपरा ठेवून आकडा बदलला. टाटांनी नेमके उलटे केले. १९९८ ची सफारी ही शिडीच्या चौकटीवरची गाडी होती. २०१२ च्या सफारी स्टॉर्ममध्येही चौकट होती आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. २०२१ च्या प्रारंभी आलेल्या नव्या सफारीत जुन्या सफारीचा जवळजवळ एकही भाग नव्हता. लँड रोव्हरच्या आराखड्यावरून घेतलेल्या मोनोकॉक तळावरची ती हॅरियरचीच सात आसनी आवृत्ती होती. वर्षभरापूर्वीच्या वाहन-प्रदर्शनात तिचे नाव ग्रॅव्हिटास असे होते. ऐनवेळी तिला जुने नाव देण्यात आले. सिएरा हे नावही नोव्हेंबर २०२५ मध्ये असेच परत आणले गेले. राजवंशाच्या इतिहासात दत्तकविधानाने वंश पुढे चालतो, तसाच हा प्रकार आहे. रक्ताचा संबंध नसला तरी गादी आणि नाव मिळते.

कायद्याची फूटपट्टी

वाहनाचा आकार अभियंता ठरवितो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो अर्थमंत्रीही ठरवितो. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलचे इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेलचे १५०० घनसेंटिमीटरपर्यंत असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. २०१६ मध्ये बोलेरोच्या एका आवृत्तीत बंपर आखूड करून लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आणली गेली आणि दीड लिटरचे इंजिन बसविले गेले. आतली माणसे तितकीच राहिली, गाडी मात्र कागदावर 'लहान' झाली.

२०१३ चा अर्थसंकल्प आपल्या विषयाला थेट भिडतो. त्या वर्षी एसयूव्ही प्रकारावरील उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के करण्यात आले. व्याख्या अशी की लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठे आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा अधिक. म्हणजे खराब रस्त्यावरून जाण्यासाठी असलेली उंची ही चैनीची खूण ठरली. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाड्यांना वाढीव शुल्कातून वगळले होते, त्यामुळे काळी-पिवळी सुटली आणि घरची गाडी सापडली. त्याच वर्षी महिंद्रने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० यांची जमिनीपासूनची उंची १७० च्या खाली आणून किमती कमी केल्या. रस्ता होता तसाच होता. जीप खाली उतरण्याच्या इतिहासातील काही मिलिमीटर दिल्लीत ठरले, हे नमूद करणे इष्ट आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात दोन लिटर व त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीस मनाई केली, तेव्हा काही आठवड्यांत १.९९ लिटरचे इंजिन तयार झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना होऊन छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के असा कर आला. त्यातही चार मीटरची ती जुनी रेषा कायम आहे.

चौकट आणि जीव

जुनी चौकट मजबूत आणि नवे कवच नाजूक, अशी एक समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. 'पत्रा जाड आहे' हे अजूनही गाडीचे मोठे प्रशस्तिपत्र मानले जाते. या समजुतीची किंमत जिवाने मोजावी लागते, म्हणून तिचा परामर्श घेणे आवश्यक आहे. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची धडक-चाचणी घेतली, तेव्हा तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला पाच तारे मिळाले. येथे मोनोकॉकचा विजय झाला असा निष्कर्ष कोणी काढील, परंतु तो घाईचा ठरेल. डिसेंबर २०२२ मध्ये शिडीच्या चौकटीवरच बांधलेल्या स्कॉर्पिओ-एन या गाडीलाही पाच तारे मिळाले, आणि २०२४ मध्ये बोलेरो निओला एकच. चौकट असणे वा नसणे निर्णायक नाही. धडकेची ऊर्जा कोठे जिरवायची आणि माणसाला आसनाला कसे बांधून ठेवायचे, याचा विचार झाला आहे की नाही, हे निर्णायक आहे.

मराठवाड्याला हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तो जालन्याजवळून जातो. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून जाण्याचे नियोजन आहे. जी गाडी सकाळी चिखलातून ताशी वीस किलोमीटरने निघते, तीच दुपारी ताशी एकशे वीसच्या वेगाने धावते. तिसऱ्या ओळीतील मुले बहुधा पट्टा न लावता बसलेली असतात. आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे सांगणे कोणत्या विषयाच्या अभ्यासक्रमात बसते, हे मला माहीत नाही. परंतु ते कोणीतरी सांगितले पाहिजे.

फाट्यावर कोण उरले

कौटुंबिक वाहनाच्या प्रत्येक नव्या पिढीने एक घर फाट्यावरून उचलले. डॉक्टरचे घर, व्यापाऱ्याचे घर, शिक्षकाचे घर. ही माणसे पूर्वी बसची वाट पाहत आणि बस न आल्यास आगारप्रमुखाकडे तक्रार करीत. त्यांच्या शब्दाला वजन होते. ती फाट्यावरून गेल्यावर तक्रार करणारा आवाजही गेला. प्रगतीच्या इतिहासात ही बाजू सहसा लिहिली जात नाही. भाड्याच्या जीपमध्ये मास्तर आणि मजूर एकाच बाकावर दाटीवाटीने बसत. त्यात सुख नव्हते, अपघाताची भीती होती, स्त्रियांची तर फारच कुचंबणा होती. म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्या दाटीमुळे रस्त्याचे दुखणे सर्वांचे होते, हे मान्य करावे लागते.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला राज्य परिवहन कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. एक्सयूव्ही ७०० च्या नोंदणीचा विक्रम झाल्यानंतर महिनाभराच्या आतच हा संप सुरू झाला होता. त्या महिन्यांत ज्यांच्या दारात गाडी होती त्यांच्यासाठी संप ही वृत्तपत्रातील बातमी होती. बाकीच्यांसाठी पुन्हा एकदा जीप, दुचाकी आणि पायपीट. संप मिटल्यावर २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट या सवलती आल्या. बसमध्ये स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. क्रॉसओव्हरने मजला खाली आणून आजीला गाडीत चढविले होते, हे खरे. पण ज्या आजीच्या घरी क्रॉसओव्हर नव्हती, तिला चढविले ते या तिकिटाने.

एक्सयूव्ही ५०० सात आसनांचीच होती. एक्सयूव्ही ७०० पहिल्या दिवसापासून पाच आसनांतही उपलब्ध होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेली याच कंपनीची विद्युत क्रॉसओव्हर एक्सईव्ही ९ई पाच आसनांचीच होती. कमांडरच्या दहापासून हे आकडे एका ओळीत मांडून पाहिले, तर शेजारी आधी उतरले, मग चुलते, आणि आता तिसऱ्या ओळीतल्या नातवंडांच्या जागी प्रवासाच्या बॅगा ठेवल्या जात आहेत. त्याच वेळी देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी थांबलेल्या विद्यार्थिनीला महाविद्यालयाच्या पहिल्या तासाला पोहोचण्यासाठी बसच हवी आहे, आणि तिचा तास घेणारा प्राध्यापक बहुधा काच वर करून तिच्यासमोरूनच गेलेला असतो.